सतराव्या शतकातलं इंग्लंड: यादवी आणि विज्ञान एका घरात कशी नांदली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्या शतकात इंग्लंडने एका राजाचं डोकं उडवलं, दुसऱ्याला परदेशी पळायला लावलं, मधली अकरा वर्षं राजाशिवाय काढली, वर प्लेग आणि आग सोसली, त्याच शतकात हार्वे, बॉईल, हुक आणि न्यूटन कसे काय झाले? विज्ञान या धामधुमीमुळे वाढलं, की धामधूम असूनही?

पदवीच्या मुलांना हा काळ शिकवताना एक अडचण नेहमी येते. पाठ्यपुस्तकांत राजा आणि पार्लमेंटच्या झगड्याचं प्रकरण वेगळं असतं, वैज्ञानिक क्रांतीचं वेगळं. मुलांची समजूत अशी होते की इकडे तलवारी चालल्या होत्या आणि तिकडे कुठल्याशा निवांत गावी काही विद्वान भिंगं घासत बसले होते. माणसं मात्र तीच होती. म्हणून मी वर्गात आधी तत्त्वज्ञान काढतच नाही, नोकऱ्या काढतो. कोणाचं पद गेलं, कोणाला मिळालं, पैसा कोणी पुरवला, कोणाच्या खोलीतले कागद लुटले गेले, हे बघत गेलं की 'मुळे' की 'असूनही' याचं उत्तर दर दशकाला बदलताना दिसतं. माझं एक मत आधीच सांगून टाकतो: या विज्ञानाचं श्रेय दुसऱ्या चार्ल्सला गरजेपेक्षा जास्त दिलं जातं. रॉयल सोसायटी या विज्ञानमंडळाला सनद त्याने दिली हे खरं, पण पीक त्याच्या आधीच, राजाला मारल्यावर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या अमदानीत, ऑक्सफर्डमध्ये उभं राहिलं होतं.

आता मुळात भांडण कशाचं होतं ते. १६०३ मध्ये पहिली एलिझाबेथ निःसंतान वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स हा इंग्लंडचा पहिला जेम्स म्हणून गादीवर आला. राजाने आपल्या जमिनी आणि ठरावीक जकातींवर घर चालवावं, युद्धासारखा जादा खर्च निघाला तर पार्लमेंटकडे कर मागावा, अशी जुनी रीत होती. पण आधीच्या शंभर वर्षांत महागाई भरमसाट वाढली होती आणि राजाचं उत्पन्न तेवढं वाढलं नव्हतं. जेम्स एकीकडे राजाच्या दैवी हक्कावर ग्रंथ लिहायचा आणि दुसरीकडे कर्जात असायचा. १६२५ मध्ये त्याचा मुलगा पहिला चार्ल्स आला. १६२८ मध्ये पार्लमेंटने त्याच्याकडून 'पिटिशन ऑफ राइट' मान्य करून घेतलं: आमच्या संमतीशिवाय कर नको, कारण न सांगता कैद नको. पुढच्याच वर्षी त्याने पार्लमेंट बरखास्त केलं आणि अकरा वर्षं पुन्हा बोलावलंच नाही.

मग पैसा कुठून आणायचा? संकटकाळी जहाजांसाठी किनाऱ्यावरच्या गावांकडून घ्यायची 'शिप मनी' नावाची एक जुनी पट्टी होती. चार्ल्सने ती १६३५ पासून सगळ्या देशावर बसवली. मागणी वर्षाला दोन लाख पौंडांच्या आसपास. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने भरायला नकार दिला. खटला चालला, बारा न्यायाधीशांपैकी सात जण राजाच्या बाजूने गेले आणि पाच विरुद्ध. राजा जिंकला, पण त्याच्याच न्यायाधीशांपैकी पाच फुटले ही बातमी निकालापेक्षा मोठी झाली.

नुसत्या पैशावरून एवढं पेटलं नसतं. त्यात धर्म होता. राणी फ्रान्सची कॅथलिक, आणि आर्चबिशप लॉड चर्चमधले विधी पुन्हा थाटामाटाचे करू पाहत होता. चर्च साधं हवं म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे प्युरिटनांना, त्यात रोमचा, पोपचा वास यायचा. १६३७ मध्ये चार्ल्सने स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं, एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगा झाला, पुढे स्कॉट सैन्य इंग्लंडात घुसलं. त्याला आवरायला पैसे हवेत म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावंच लागलं. ४ जानेवारी १६४२ ला राजा स्वतः शिपाई घेऊन पार्लमेंटच्या खालच्या, म्हणजे कॉमन्सच्या सभागृहात पाच सभासदांना पकडायला शिरला. ते आधीच निसटले होते. "पाखरं उडालेली दिसतात" असं काहीसं पुटपुटत त्याला परतावं लागलं. ऑगस्टमध्ये त्याने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं. लढायांची जंत्री मी देत नाही, ती कुठेही मिळते. ऑक्टोबर १६४२ ची एजहिलची लढाई तेवढी आपल्या कामाची आहे.

एजहिलला राजाचे दोन मुलगे रणांगणाच्या कडेला होते. पुढचा दुसरा चार्ल्स बारा वर्षांचा, पुढचा दुसरा जेम्स नऊ वर्षांचा. त्यांना सांभाळायला राजाचा वैद्य विल्यम हार्वे. जॉन ऑब्रीने हार्वेच्या तोंडची म्हणून जी हकिकत लिहून ठेवली आहे ती अशी, की हार्वे एका कुंपणाखाली पुस्तक काढून वाचत बसला, आणि तोफेचा गोळा शेजारीच येऊन आदळल्यावर जागा बदलून पुन्हा बसला. ऑब्री थोडा गप्पिष्ट लेखक आहे, तेवढी सूट देऊन वाचा.

हा हार्वे म्हणजे १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचं पुस्तक प्रसिद्ध करणारा. त्याचा सगळ्यात भारी मुद्दा साध्या गुणाकाराचा होता. हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त अगदी कमीत कमी धरा, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणा. जो आकडा येतो तेवढं रक्त साऱ्या शरीरातही नसतं. यकृत अन्नापासून सतत नवं रक्त बनवतं आणि ते शरीरात जिरून जातं, ही गेलन या प्राचीन ग्रीक वैद्यापासून चालत आलेली समजूत या हिशेबापुढे टिकत नाही. रक्त फिरून परतच यायला हवं. हे पुस्तक त्याने पहिल्या चार्ल्सला अर्पण केलं आणि अर्पणपत्रिकेत लिहिलं की शरीराला हृदय तसा राज्याला राजा. कापून तपासण्यासाठी हरणं त्याला शाही उद्यानांतून मिळायची. म्हणजे युद्धाआधीचं हे विज्ञान राजाच्या अंगणातलं होतं, आणि अंगण पेटल्यावर त्याला झळ बसायचीच. पार्लमेंटच्या शिपायांनी व्हाइटहॉलमधली हार्वेची जागा लुटली तेव्हा कीटकांच्या प्रजननावरची त्याची कित्येक वर्षांची टिपणं नाहीशी झाली. ती गेल्याची हळहळ त्याने नंतर लिहून ठेवली आहे. राजाने ऑक्सफर्डला राजधानी हलवली तेव्हा हार्वे १६४५ मध्ये तिथल्या मर्टन कॉलेजचा प्रमुख झाला. १६४६ मध्ये ऑक्सफर्ड पडलं, पद गेलं.

उत्तर इंग्लंडात याहून वाईट झालं. तिथे तीन तरुण मित्रांचं एक छोटंसं वर्तुळ होतं. जेरेमाया हॉरॉक्सने शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणं, होणार हे स्वतः गणित करून ओळखलं आणि १६३९ मध्ये ते पाहिलं. विल्यम क्रॅबट्रीने आपल्या गावाहून पाहिलं. विल्यम गॅस्कॉइनने दुर्बिणीत बसवून बारीक अंतरं मोजायचा मायक्रोमीटर बनवला. हॉरॉक्स १६४१ मध्ये विशीतच वारला, तो काही युद्धाने नव्हे. पण गॅस्कॉइन १६४४ मध्ये राजाच्या बाजूने लढताना मारला गेला आणि त्याच वर्षी क्रॅबट्रीही गेला. हॉरॉक्सचा शुक्रावरचा ग्रंथ १६६२ पर्यंत छापलाच गेला नाही, आणि तोही डॅन्झिगमध्ये हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने छापला. युद्धाने विज्ञानाला चालना दिली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे तिघे आठवावेत.

१६४८ च्या डिसेंबरात सैन्याने पार्लमेंटमधले नकोसे सभासद दाराशीच अडवले. उरलेल्यांनी राजावर खटला भरला. त्या न्यायालयाला चार्ल्सने शेवटपर्यंत मान्यताच दिली नाही, आणि कायद्याच्या नजरेतून त्याचा मुद्दा कच्चा नव्हता. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ सह्या आहेत. ३० जानेवारी १६४९ ला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचा शिरच्छेद झाला. थंडीने कापलो तर लोक म्हणतील भ्याला, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. पाठोपाठ राजेशाही आणि लॉर्ड्सचं सभागृह दोन्ही रद्द झाली. १६५३ च्या अखेरीस ऑलिव्हर क्रॉमवेल 'लॉर्ड प्रोटेक्टर', म्हणजे राज्याचा प्रमुख, झाला; १६५७ मध्ये त्याला मुकुट देऊ केला तेव्हा तो त्याने नाकारला.

आता ऑक्सफर्डकडे परत जाऊ. मला या शतकातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो.

राजाची राजधानी राहिलेलं हे विद्यापीठ पार्लमेंटने १६४८ मध्ये झाडून काढलं. निष्ठेची शपथ न घेणारे प्राध्यापक आणि कॉलेजांचे प्रमुख घालवले. रिकाम्या जागांवर आले कोण, ते बघा. वॉडम कॉलेजचा प्रमुख झाला जॉन विल्किन्स. पृथ्वी हाही एक ग्रहच आहे आणि चंद्रावर जाता येईल, असं तरुणपणीच लिहून गेलेला माणूस. पुढे १६५६ मध्ये त्याने क्रॉमवेलच्या विधवा बहिणीशी लग्न केलं. भूमितीच्या सॅव्हिलियन अध्यासनावरून राजनिष्ठ पीटर टर्नर गेला आणि १६४९ मध्ये तिथे जॉन वॉलिस बसला. वॉलिसची तोवरची मोठी कामगिरी म्हणजे युद्धात पकडलेली राजपक्षाची सांकेतिक पत्रं पार्लमेंटसाठी फोडणं. गणितज्ञ म्हणून त्याचं नाव पुढे झालं. न्यूटनने ज्याच्या पुस्तकातून सुरुवात केली तो हाच. सरळच बोलायचं तर ही राजकीय नेमणूक होती. पण निघाली उत्तम.

विल्किन्सचा मोठेपणा असा की त्याने पक्ष पाहिला नाही. ज्यांचे बाप-काका क्रॉमवेलच्या लोकांनी देशोधडीला लावले, त्यांच्या पोरांना त्याने वॉडममध्ये जागा दिली. क्रिस्टोफर रेन त्यांतलाच. त्याचा बाप विंडसरचा डीन होता, ते पद हिसकावलं गेलं. काका मॅथ्यू रेन हा ईलीचा बिशप, तो १६६० पर्यंत लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत. आणि पुतण्या क्रॉमवेलच्या मेहुण्याच्या घरी बसून मधमाश्यांचं निरीक्षण करतोय. डायरीकार जॉन एव्हलिन १६५४ मध्ये वॉडमला गेला तेव्हा विल्किन्सने त्याला मधमाश्यांची पारदर्शक पोळी दाखवली, लांब नळीतून बोलणारा पुतळा दाखवला. एव्हलिन पक्का राजनिष्ठ. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेल्या देशात ही ये-जा चालू होती, हे मला कुठल्याही प्रयोगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. रॉबर्ट बॉईल याच मंडळींत १६५५-५६ च्या सुमाराला आला. पैशाची त्याला चिंता नव्हती, त्याचा बाप आयर्लंडमधल्या अफाट जमिनींचा धनी होता. गरिबीतून आलेला रॉबर्ट हुक त्याचा मदतनीस झाला आणि हवेचा प्रसिद्ध पंप हुकच्याच हातून बनला.

याच गटातला विल्यम पेटी बघा, कारण या विज्ञानाच्या दोन्ही बाजू त्या एका माणसात दिसतात. डिसेंबर १६५० मध्ये ॲन ग्रीन नावाच्या मोलकरणीला बालहत्येच्या आरोपावरून ऑक्सफर्डला फाशी दिलं. प्रेत शवविच्छेदनासाठी पेटी आणि थॉमस विलिसकडे आलं, शवपेटी उघडली तर बाईच्या घशात घरघर. दोघांनी तिला ऊब दिली, अंग चोळलं, तोंडात गरम औषध घातलं, आणि बाई उठली. तिला माफी मिळाली, पुढे तिने लग्न केलं, मुलं झाली. पेटीचं नाव देशभर गेलं. नंतर तो क्रॉमवेलच्या सैन्याचा वैद्य म्हणून आयर्लंडला गेला. तिथे १६४९ मध्ये ड्रोहेडा आणि वेक्सफर्डच्या कत्तली झाल्या होत्या आणि कॅथलिकांच्या जमिनी जप्त करून सैनिकांना आणि युद्धाला पैसे पुरवणाऱ्यांना पगाराच्या, कर्जाच्या बदल्यात वाटायच्या होत्या. त्या मोजायच्या कशा? पेटीने शिपायांनाच साखळी आणि होकायंत्र देऊन कामाला लावलं, १६५५-५६ मध्ये मोजणी उरकली, आणि या 'डाउन सर्व्हे'चे नकाशे त्या काळी जगात फार थोड्या देशांकडे होते तेवढे बारीक झाले. केरी परगण्यात स्वतःसाठीही त्याने जमीन मिळवली. अर्थशास्त्रातल्या आकडेवारीचा तो एक जनक मानला जातो. ती आकडेवारी एका लुटीच्या मोजदादीतून आली हे वाचकाने विसरू नये.

छापखान्याचंही सांगायला हवं. १६४१ मध्ये राजाचं 'स्टार चेंबर' न्यायालय रद्द झालं आणि सेन्सॉरची पकड सुटली. जॉर्ज थॉमसन नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात २२ हजारांच्या वर पत्रकं आणि पुस्तिका जमवल्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. या पुरात नुसतं राजकारण नव्हतं. पार्लमेंटकडून लढून जखमी झालेल्या निकोलस कल्पेपरने १६४९ मध्ये वैद्यांच्या संस्थेचा लॅटिन औषधकोश इंग्रजीत आणला, आणि लॅटिन न येणाऱ्याच्या हाती औषधांची कृती गेली. डॉक्टर मंडळी अर्थातच भडकली. पण याच काळात, १६४५ ते १६४७ मध्ये, पूर्व इंग्लंडात मॅथ्यू हॉपकिन्स चेटकिणी शोधत फिरत होता आणि बायकांना फासावर पाठवत होता. छापखाना मोकळा झाला म्हणजे विवेक जागा झाला, असं समीकरण मांडू नका.

क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला, मुलाला राज्य पेललं नाही, आणि जनरल मंकच्या पुढाकाराने २९ मे १६६० ला, बरोबर आपल्या तिसाव्या वाढदिवशी, दुसरा चार्ल्स लंडनमध्ये आला. आता पुन्हा नोकऱ्या बदलल्या. विल्किन्स तेव्हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख होता, ते पद गेलं. वॉलिस वाचला; पत्रं फोडणारा माणूस नव्या राजालाही हवाच होता.

२८ नोव्हेंबर १६६० ला लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजमध्ये रेनचं व्याख्यान झालं आणि नंतर बारा जण थांबले. प्रवेशाला दहा शिलिंग, दर आठवड्याला एक शिलिंग, असं ठरवून त्यांनी मंडळ काढलं; तीच पुढची रॉयल सोसायटी. त्या बारांत क्रॉमवेलचा मेहुणा विल्किन्स होता, क्रॉमवेलचा वैद्य गोडार्ड होता, आयर्लंड मोजणारा पेटी होता. त्यांच्याच शेजारी राजाच्या वनवासातला सोबती रॉबर्ट मोरे, राजनिष्ठ लॉर्ड ब्रॉन्कर आणि टॉवरमधल्या बिशपचा पुतण्या रेन. बाहेर क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासाला लटकवायची तयारी चालली होती. दोन महिन्यांनी, जानेवारी १६६१ मध्ये, ते झालंही. अशा खोलीत राजकारण किंवा धर्म काढला असता तर दुसरी बैठक झाली नसती. म्हणून प्रयोग सर्वांसमोर करायचा, काय दिसलं ते लिहायचं, कारणांवर सावकाश बोलायचं, ही शिस्त आली. तिला आपण आज वैज्ञानिक पद्धत म्हणून गौरवतो. तिच्यामागे निरीक्षण आणि प्रयोगांवर भर देणाऱ्या फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाचा विचार होता तसा वीस वर्षांच्या रक्तपाताने आलेला थकवाही होता, असं मला वाटतं.

राजाने काय दिलं? १६६२ मध्ये सनद, पुढे एक चांदीचा राजदंड, आणि नाव. पैसे दिले नाहीत. हे लोक बसून हवा तोलतात म्हणून तो हसला, अशी नोंद सॅम्युअल पेपीसच्या डायरीत आहे. त्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं: लंडनच्या मृत्युनोंदींवरून लोकसंख्येची गणितं मांडणारा जॉन ग्राँट हा साधा कापडदुकानदार, त्याला सोसायटीत घ्या, असे आणखी दुकानदार सापडले तर तेही घ्या, असं राजानेच सुचवलं. मात्र हाच राजा गंडमाळेच्या रोग्यांना 'राजस्पर्शाने' बरं करण्याचे सोहळे भरवायचा आणि कारकिर्दीत सुमारे नव्वद हजार लोकांना त्याने असा हात लावला. सोसायटीचा सेक्रेटरी हेन्री ओल्डेनबर्ग, ज्याने १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं, त्याला १६६७ मध्ये डच युद्धाच्या काळात परदेशी पत्रव्यवहाराच्या संशयावरून टॉवरमध्ये टाकलं. बायकांना तर दारच बंद. मार्गारेट कॅव्हेंडिश या तत्त्वज्ञ डचेसला त्याच वर्षी प्रयोग पाहू दिले, सभासदत्व नाही.

मराठी वाचकाला हा राजा आणखी एका कारणाने जवळचा आहे. पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरताना १६६१ च्या तहात त्याला मुंबई बेट आंदण मिळालं. ताबा १६६५ मध्ये मिळाला, आणि तीन वर्षांत, १६६८ मध्ये, त्याने ते वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. दूरच्या बेटावर फौज ठेवण्याचा खर्च त्याला झेपत नव्हता. शतकाच्या सुरुवातीपासूनचं तेच रडगाणं: राजाच्या तिजोरीत खडखडाट. कंपनीचा हेन्री ऑक्झिंडन १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकाला रायगडावर नजराणा घेऊन हजर होता, तो या व्यवहारानंतर सहा वर्षांनी.

प्लेग आणि आग मी पटकन सांगतो. १६६५ मध्ये लंडनच्या नोंदींत प्लेगचे ६८,५९६ बळी आहेत, खरा आकडा लाखाच्या घरात असावा. सप्टेंबर १६६६ च्या आगीत १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. शहर पुन्हा मोजायला आणि बांधायला सोसायटीचीच माणसं लागली, रेन आणि हुक. त्या दोघांनी उभारलेला २०२ फुटी 'मॉन्युमेंट' स्तंभ लंडनला गेलात तर जरूर पाहा. तो आगीचं स्मारक आहे आणि आतून पोकळ ठेवून ताऱ्यांच्या वेधासाठी उभी दुर्बीण म्हणूनही योजलेला आहे; रहदारीच्या हादऱ्यांनी ते जमलं नाही. त्याच्या पायाशी १६८१ मध्ये 'आग कॅथलिकांनी लावली' अशा अर्थाची ओळ कोरली गेली. कॅथलिक राजा जेम्सच्या काळात ती खोडली, त्याला घालवल्यावर पुन्हा कोरली, आणि १८३० मध्ये कायमची काढली. आग लागली होती पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत.

न्यूटनबद्दल आधी तारखेचा घोळ. इंग्लंड जुनी ज्युलियन कालगणना पाळत होतं, युरोपातल्या कॅथलिक देशांपेक्षा दहा दिवस मागे, आणि कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणून राजाच्या शिरच्छेदाच्या मूळ कागदांवर साल १६४८ दिसतं. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या पंचांगाने २५ डिसेंबर १६४२, नव्याने ४ जानेवारी १६४३. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे वाक्य दोन पंचांगांची खिचडी केल्याशिवाय जुळत नाही. शिवजयंतीचा तिथी-तारखेचा वाद ऐकत वाढलेल्यांना हे जास्त समजवायला नको.

यादवीच्या पहिल्याच हिवाळ्यात जन्मलेलं हे बिनबापाचं पोर १६६९ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक झालं. अध्यासन ठेवायचं तर धर्मदीक्षा घ्यायला हवी, आणि न्यूटन तर मनातून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे चर्चचं मत, मानतच नव्हता. १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने त्या अध्यासनाला दीक्षेतून सूट दिली म्हणून तो वाचला. ही मात्र राजाची खरी मदत. १६८४ मध्ये एडमंड हॅली त्याच्याकडे ग्रहांच्या कक्षेचा प्रश्न घेऊन गेला, त्यातून गती आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम मांडणारा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ झाला. सोसायटीने आपला पैसा १६८६ मध्ये माशांवरच्या एका देखण्या पुस्तकात घालवला होता, त्यामुळे छपाईचा खर्च हॅलीने स्वतः सोसला. पुढे त्याच्या थकलेल्या पगारापोटी त्याला त्या मत्स्यपुस्तकाच्या न खपलेल्या प्रतीच मिळाल्या.

'प्रिन्सिपिया' आलं १६८७ मध्ये. त्याच वर्षीच्या वसंतात न्यूटन केंब्रिजच्या शिष्टमंडळातून न्यायमूर्ती जेफ्रीजसमोर उभा होता. १६८५ पासून गादीवर असलेल्या दुसऱ्या जेम्सने अल्बन फ्रान्सिस नावाच्या बेनेडिक्टाइन साधूला शपथेशिवाय पदवी द्या असा हुकूम काढला होता आणि विद्यापीठाने नाही म्हटलं होतं. कुलगुरूचं पद गेलं, बाकीच्यांना दम देऊन सोडलं. इतके दिवस वाद टाळणारा न्यूटन इथे ताठ राहिला. त्याला आणि त्याच्यासारख्यांना कॅथलिक राजाची भीती खरीच होती. आज आपल्याला त्यात पूर्वग्रहही दिसतो, आणि तो होताच.

जून १६८८ मध्ये जेम्सला मुलगा झाला, म्हणजे कॅथलिक वारस आला. नोव्हेंबरात जेम्सचा जावई, हॉलंडचा विल्यम, सैन्य घेऊन टॉर्बेला उतरला. जेम्स राज्याची मोहोर थेम्समध्ये फेकून पळाला. या क्रांतीला रक्तहीन म्हणतात ते इंग्लंडपुरतं. आयर्लंडमध्ये १६९० ची बॉइनची लढाई आणि पुढचं सगळं रक्ताचंच होतं. १६८९ च्या ज्या सभेने गादी विल्यम आणि मेरीला दिली तिच्यात केंब्रिज विद्यापीठाचा एक प्रतिनिधी न्यूटन होता. त्याच वर्षीच्या 'बिल ऑफ राइट्स'ने कायदा तहकूब करण्याचा आणि पार्लमेंटशिवाय कर बसवण्याचा राजाचा दावा मोडून काढला. सहिष्णुतेचा कायदाही आला, पण कॅथलिक आणि त्रैक्य न मानणारे त्यातून वगळले होते. न्यूटनने तोंड मिटूनच ठेवलं.

हॅम्पडनच्या खटल्यापासूनचा पैशाचा प्रश्न सुटला तो यानंतर. कर पार्लमेंट मंजूर करणार म्हटल्यावर सावकारांना परतफेडीची खात्री वाटू लागली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि तिने सरकारला आठ टक्क्यांनी १२ लाख पौंड कर्ज दिलं. भागभांडवल दोन आठवड्यांच्या आत जमलं. यामागे अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू होता, ट्रिनिटीतला न्यूटनचा मित्र. १६९५ मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्षही झाला. चांदीची नाणी लोकांनी कडेने कातरून इतकी हलकी केली होती की सगळी गोळा करून नव्याने पाडायची ठरली. त्या कामासाठी १६९६ मध्ये माँटेग्यूने न्यूटनला टॉवरमधल्या टांकसाळीचा वॉर्डन नेमलं. न्यूटन केंब्रिज सोडून लंडनला आला, दर दिवसाला किती नाणी पडतात याचे हिशेब त्याने बसवले, आणि बनावट नाणी पाडणाऱ्यांचे जबाब तो स्वतः घेऊ लागला. त्यांतला विल्यम चॅलोनर १६९९ मध्ये फासावर गेला.